दानाचे विमान: समुद्र ओलांडण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे प्रश्न

प्रश्न नेमका कोणता

परदेशातल्या एखाद्या दात्याने आपले चार-सहा आसनांचे विमान ख्रिस्ती सेवासंस्थेला द्यावे, वैमानिकाने ते समुद्र आणि वाळवंटे ओलांडत, जागोजागी थांबत हजारो किलोमीटर उडवत न्यावे, आणि जिथे रस्ता पोचत नाही तिथे त्यातून डॉक्टर, औषधे, शिक्षक आणि धर्मोपदेशक पोचवावेत, ही कल्पना आता शंभर वर्षांची होत आली आहे. तिच्याभोवतीचा वादही जवळपास तितकाच जुना आहे. विमान उडवत न्यावे की सुटे करून जहाजाने पाठवावे, विमान द्यावे की ते विकून पैसे द्यावेत, सेवा आणि धर्मप्रसार एकाच विमानातून जाऊ द्यावेत की नाही, आणि परक्या नोंदणीचे छोटे विमान आपल्या आकाशात आले तर सरकारने त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, असे अनेक प्रश्न या वादात एकमेकांत गुंतले आहेत. हा वाद मुळात आफ्रिका, पापुआ न्यू गिनी आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तरी बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या जमिनीवर तो तपासून पाहणे उपयोगाचे आहे. इथे मिशनची जुनी रुग्णालये आहेत, दोन मोठ्या धावपट्ट्या आहेत, आरोग्यसेवेची उणीव आहे, आणि परक्या विमानांची एक कडवट आठवणही आहे.

या लेखाची भूमिका आधीच सांगतो. समुद्र ओलांडणारे उड्डाण हा या व्यवहारातला सर्वांत थरारक भाग असला, तरी दानाचे मोल त्यावर ठरत नाही. विमान उतरल्यानंतर ते कोणत्या उणिवेसाठी वापरले जाते, त्याची देखभाल कोण करते आणि ते ज्यांच्यासाठी आले त्यांचा त्यावर विश्वास बसतो का, यावर ते ठरते.

पार्श्वभूमी

1927 मध्ये जर्मनीतील कॅथलिक धर्मगुरू पॉल शुल्टे यांनी कलोन इथे 'मिवा' ही संस्था काढली. त्यांचा मित्र ओटो फुर्मान आफ्रिकेत मिशनकार्य करत असताना दगावला होता. त्याच्यापर्यंत वेळेवर वाहन पोचले असते तर तो वाचला असता, या जाणिवेतून मिशनऱ्यांना मोटारी, नावा आणि विमाने पुरवण्याचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 17 मे 1928 रोजी, ऑस्ट्रेलियात क्लोनकरी इथून 'उडत्या डॉक्टर'चे पहिले उड्डाण झाले. त्यामागे प्रेस्बिटेरियन पाद्री जॉन फ्लिन यांची अनेक वर्षांची खटपट होती. त्या सेवेचे पहिले विमान दानाचे नव्हते. एका दात्याच्या मृत्युपत्रातून आलेल्या रकमेच्या आधारावर ते क्वांटास कंपनीकडून दर मैलाच्या भाड्याने, वैमानिकासह घेतले होते. यंत्राची निगा कंपनीकडे आणि रुग्णाची डॉक्टरकडे, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती. ही सेवा पुढे चर्चच्या छत्राखालून बाहेर पडून सार्वजनिक झाली, 1955 मध्ये तिला 'रॉयल' हे बिरुद मिळाले आणि ती आजही चालू आहे. या क्षेत्रातला सर्वांत टिकाऊ प्रयोग भाड्याच्या विमानाने सुरू झाला, ही गोष्ट विमानदानाच्या चर्चेत फार क्वचित आठवली जाते.

दुसऱ्या महायुद्धाने हजारो प्रशिक्षित वैमानिक आणि स्वस्तात मिळणारी विमाने मागे ठेवली. 1945 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि पुढे 'मिशन एव्हिएशन फेलोशिप' (माफ) या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेची पहिली वैमानिक बेटी ग्रीन 23 फेब्रुवारी 1946 रोजी एक वाको विमान घेऊन मेक्सिकोकडे निघाली. त्याच वर्षी त्या विमानाला अपघात झाला आणि ते दुरुस्त करायला नेट सेंट हा तरुण मेकॅनिक अमेरिकेहून धाडावा लागला. ब्रिटिश शाखेचा अनुभव आणखी बोलका आहे. जानेवारी 1948 मध्ये स्टुअर्ट किंग आणि जॅक हेमिंग्ज हे दोघे माजी हवाईदल अधिकारी माइल्स जेमिनी हे दोन इंजिनांचे छोटे विमान घेऊन लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाले आणि मध्य आफ्रिकेपर्यंत पोचले. विमानाची गरज नेमकी कुठे आहे याची पाहणी हे त्यांचे काम होते. बुरुंडीच्या डोंगराळ भागात ते विमान कोसळले. दोघेही बचावले, आणि पाहणीच्या आधारावर 1950 मध्ये सुदानात नियमित काम सुरू झाले. विमान गेले तरी पाहणी कामी आली, हा तपशील महत्त्वाचा आहे.

लांब पल्ल्याच्या हलक्या विमानांची भारतीय परंपरा याच सुमाराची, फक्त तिचा धर्मकार्याशी संबंध नव्हता. 1930 मध्ये आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा भारतातून इंग्लंडकडे आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे एकट्याने निघाले. इजिप्तमधील अबूकीर इथे त्यांची गाठ पडली तेव्हा अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याकडचा सुटा प्लग त्यांना दिला आणि स्पर्धा अस्पींनी जिंकली. टाटांच्या खिलाडूपणासाठी हा प्रसंग सांगितला जातो. आपल्या विषयासाठी त्यातली दुसरी गोष्ट मोलाची आहे: मुठीत मावणाऱ्या एका सुट्या भागावाचून अख्खे विमान परमुलखात जागच्या जागी बसते. नव्वद वर्षांनी, मे 2019 मध्ये, मुंबईच्या आरोही पंडित हिने अतिहलक्या विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा या मार्गाने एकटीने अटलांटिक ओलांडला. साधने बदलली, पण टप्पे जोडत, हवामानाची वाट पाहत पुढे सरकण्याची रीत तीच राहिली.

उडवत न्यावे की जहाजाने धाडावे

तांत्रिक वाद समजून घ्यायला सेस्ना 206 हे मिशनकार्यात सर्रास दिसणारे एका इंजिनाचे विमान घेऊ. त्याच्या टाक्या भरल्या तर ते साधारण बाराशे किलोमीटर जाते. कॅलिफोर्नियापासून हवाईपर्यंतचा टप्पा सुमारे 3,900 किलोमीटरचा आहे, तर न्यूफाउंडलंडहून अझोर्स बेटांपर्यंतचा सुमारे अडीच हजारांचा. त्यामुळे आसने काढून केबिनमध्ये जादा टाक्या बसवाव्या लागतात, ठरलेल्या वजनापेक्षा अधिक वजनाने उडण्याची खास परवानगी घ्यावी लागते, दूरपल्ल्याचा रेडिओ आणि तराफा सोबत ठेवावा लागतो, आणि पंधरा-सोळा तास एकाच इंजिनाच्या भरवशावर पाण्यावरून उडावे लागते. याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे ठोस आहेत. विमान सुटे केले, पंख उतरवले, पेटीत भरले की पुन्हा जोडणीसाठी कसबी मेकॅनिक, हत्यारे, जागा आणि नव्याने तपासणी लागते, आणि बंदरात महिनोन् महिने अडकण्याची भीती असते. उडत आलेले विमान मात्र पोचते तेव्हाच त्याच्या सगळ्या यंत्रणांची कठोर परीक्षा झालेली असते.

विरुद्ध बाजू सांगते की ही परीक्षा माणसाच्या जिवावर घेतली जाते. वजनाने जड झालेले विमान उड्डाणाच्या पहिल्या तासांत सुस्त असते. बर्फ, उलटा वारा किंवा टाकी बदलताना झालेली साधी चूक जीवघेणी ठरू शकते. अशा फेऱ्या करणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांची वेगळी बिरादरी आहे आणि सेवाभावाने निघालेल्या हौशी वैमानिकाने त्यांची जागा घेऊ नये, हा विरुद्ध बाजूचा आग्रह मला पटतो. भारताच्या दिशेने येणाऱ्या विमानाला मस्कत ते मुंबई हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा समुद्राचा टप्पा आहे. तो पॅसिफिकच्या मानाने सोपा असला तरी पावसाळ्यात तो टाळण्यातच शहाणपण आहे. या वादात एक तिसरा पर्यायही पुढे आला आहे. अमेरिकेत खास मिशनच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले कोडियाक हे विमान जेट इंधनावर चालते आणि त्याची मजल मोठी आहे. अशी विमाने आल्यावर जुन्या पेट्रोल इंजिनांची विमाने उडवत नेण्याचे समर्थन कमी होत गेले. पण ती महाग आहेत, आणि दानात सहसा जुनीच विमाने येतात.

विमान की पैसे

इथे वादाचा गाभा येतो. दात्याला विमान देण्यात जे समाधान असते ते धनादेशात नसते, हे मानवी सत्य आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही. आपण वर्षानुवर्षे सांभाळलेले यंत्र कुणाच्या तरी जिवासाठी वापरले जाईल, ही भावना खरी असते. देणगीदारांना एकत्र आणण्याची ताकदही विमानाच्या दृश्य रूपात असते. मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर ऑर्बिस या संस्थेचे उडते नेत्ररुग्णालय हे दानातल्या विमानाचे यशस्वी उदाहरण आहे. पण ते वेगळ्या जातीचे आहे: ते एका जागी कायम राहत नाही आणि त्याच्यामागे मोठी हवाई कंपनी उभी आहे.

याउलट, अनुभवी मिशन विमानसंस्थांनी स्वतःच काढलेला निष्कर्ष लक्षात घ्यावा लागतो. त्या दानातली विमाने घेतात, पण आपल्या ताफ्यात न बसणारी विकून टाकतात आणि पैसा कामाला लावतात. कारण सरळ आहे. पाच तऱ्हेची पाच विमाने असली तर पाच तऱ्हेचे सुटे भाग, पाच पुस्तिका आणि पाच प्रशिक्षणे लागतात. छोट्या इंजिनाची साधारण दोन हजार तासांनी मोठी दुरुस्ती करावी लागते. हँगर, विमा, वार्षिक तपासणी आणि वैमानिकाचा सराव हे खर्च विमान जमिनीवर उभे असले तरी चालूच राहतात. फुकट मिळालेल्या हत्तीला रोजचा चारा विकतच घ्यावा लागतो, तशी ही गोष्ट आहे. यावर एक आक्षेप घेतला जातो: विक्रीतून आलेला पैसा मोठ्या संस्थेच्या खात्यात विरतो आणि ज्या दूरच्या रुग्णालयासाठी दान दिले तिथे काही पोचत नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो हिशेबाच्या पारदर्शकतेचा आहे. अपारदर्शक हिशेबावर चुकीच्या जातीचे विमान हा उपाय होऊ शकत नाही.

दानावरच्या अवलंबनाचा प्रश्न त्याहून खोल आहे आणि तो चर्चच्या आतूनच विचारला गेला. 1905 मध्ये श्रीरामपूर (बंगाल) इथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन हे सूत्र धरले. मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करण्याचा प्रयत्न केला, त्यामागेही परक्या पैशाच्या आणि परक्या शिस्तीच्या बाहेरचे ख्रिस्तीपण शोधण्याची तळमळ होती. 1971 मध्ये केनियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी आणि निधी काही काळ थांबवण्याची मागणी केली आणि ती जगभर गाजली. या परंपरेच्या बाजूने पाहिले तर दानाच्या विमानाबद्दलची शंका ही धर्मविरोधकांचीच शंका उरत नाही. दुसरी बाजू विचारते की आजाऱ्याला स्वावलंबनाचे धडे देत बसायचे काय. मला वाटते, एकेका रुग्णापुरते हे उत्तर बरोबर आहे. पण वीस वर्षांची व्यवस्था उभारताना ते पुरत नाही.

आकाशातला संशय

परके विमान राज्यसंस्थेला अस्वस्थ का करते, हे बीदरला वेगळे सांगावे लागत नाही. 1948 मध्ये हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी चालू असताना सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांनी निजामासाठी शस्त्रे आणत होता, आणि ती विमाने ज्या तळांवर उतरत त्यांत बीदर आणि वरंगळ होते. सप्टेंबरमध्ये संस्थानाविरुद्ध झालेल्या पोलिस कारवाईत भारतीय हवाईदलाने बीदरच्या तळावर बॉम्ब टाकले. पुढे 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात परदेशी विमानातून शस्त्रे टाकली गेली. या घटनांचा मिशनकार्याशी काही संबंध नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण परवानग्यांच्या आजच्या कडक जाळ्यामागे अशा आठवणी आहेत. संशयाची किंमत निरपराधांनाही मोजावी लागते, याचे उदाहरण पेरूत आहे. एप्रिल 2001 मध्ये तिथल्या हवाईदलाने अमली पदार्थांचे विमान समजून मिशनचे छोटे सेस्ना पाडले आणि एक आई व तिची तान्ही मुलगी मरण पावली.

धर्मप्रसाराचा प्रश्न याला समांतर चालतो. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने 1956 मध्ये परदेशी पैशाने चालणाऱ्या मिशनकार्यावर कठोर अहवाल दिला. शाळा आणि दवाखाने धर्मांतराचे साधन होतात, हा त्याचा मुख्य आरोप होता. ख्रिस्ती संघटनांनी तो एकांगी ठरवला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराचा हक्क मान्य केला, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असा निवाडा दिला. कर्नाटकाने 2022 मध्ये धर्मांतराबाबत कायदा केला आणि जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय घेतला. समर्थक म्हणतात की विमान आजारी माणसाला धर्म विचारत नाही. टीकाकार म्हणतात की उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली संमती मोकळी नसते. दोन्ही विधानांत तथ्य आहे, आणि त्यातला निवाडा विमानाच्या जातीवरून होत नाही, संस्थेच्या वागण्यावरूनच होतो.

सीमाभागाची कसोटी

आता ही सगळी मते औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंदच्या जमिनीवर ठेवून पाहू. 1956 च्या भाषावार रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्याकडे गेले आणि हे तालुके म्हैसूरकडे आले. मराठी-कन्नड-उर्दू बोलणारा हा पट्टा दोन राज्यांच्या कडेला पडला. मेथडिस्ट मिशनचे काम इथे पिढ्यान् पिढ्यांचे आहे, आणि पूर्वी गुलबर्गा (आजच्या कलबुर्गी) जिल्ह्यात असलेल्या यादगीरचे होल्स्टन रुग्णालय त्याच परंपरेतले. या भागाचे मागासलेपण संविधानानेच कलम 371 (जे) मध्ये नोंदवले आहे. म्हणजे गरज आहे. पण ती विमानाची आहे का? बीदरहून हैदराबाद सुमारे 140 किलोमीटर, कलबुर्गीहून सोलापूर सुमारे 110. ऑक्टोबर 2017 मध्ये बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्गही सुरू झाला. एवढ्या अंतरासाठी रुग्ण आधी रुग्णवाहिकेत, मग विमानात, मग दुसऱ्या रुग्णवाहिकेत असा नेला तर हवेत वाचलेला वेळ जमिनीवर जातो. शिवाय सहा आसनांच्या विमानात पडल्या रुग्णावर उपचार करायला जागा अपुरी पडते. बेंगळुरू मात्र सहाशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि तिथे विमानाचा लाभ खरा आहे. त्यासाठी प्रत्यारोपणाचा अवयव किंवा नवजात बालक अशी मोजकी प्रकरणे डोळ्यांपुढे येतात.

धावपट्टी आहे म्हणून विमान हवे, असा युक्तिवाद कधी कधी ऐकू येतो. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला, त्याची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. बीदरचा नागरी विभाग फेब्रुवारी 2020 मध्ये उघडला, पण ती धावपट्टी हवाईदलाची आहे. तिथे हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात आणि सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाचे ते घर आहे. हैदराबाद विमानतळाच्या करारातील, 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको, या अटीमुळे बीदरची नागरी सेवा आधीच रेंगाळली, आणि सुरू झाल्यावरही तिच्यात खंड पडला. सरकारी मदतीची नियमित सेवा जिथे अडखळते तिथे एका दवाखान्याचे एकटे विमान कसे टिकेल, याचे उत्तर समर्थकांनी द्यायला हवे. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडच्या तापमानात विरळ झालेली हवा आणि पठाराची उंची मिळून छोट्या इंजिनाची ताकद घटवतात, तेही हिशेबात धरावे लागते. इंधनाची अडचण मात्र पूर्वीइतकी उरलेली नाही. पिस्टन इंजिनांचे पेट्रोल पूर्वी आयात करावे लागे. सप्टेंबर 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्यात बनवते.

कायद्याची बाजू सर्वांत कमी चर्चिली जाते आणि तीच सर्वांत निर्णायक आहे. परदेशातून आलेले विमान आधी सीमाशुल्काची सोय असलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले पाहिजे. केबिनमधला दाब नियंत्रित नसलेली छोटी विमाने वीस वर्षांहून जुनी असतील तर नागरी विमान महासंचालनालय सहसा आयातीला परवानगी देत नाही, आणि दानातली बरीच विमाने त्याहून जुनी असतात. परदेशी अंशदान कायद्याच्या व्याख्येत पैशाबरोबर वस्तूही येते, म्हणजे विमान हेही परदेशी अंशदानच. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला असे अंशदान दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. त्यामुळे एखाद्या केंद्रीय मिशनने विमान स्वीकारून बीदरच्या किंवा यादगीरच्या रुग्णालयाला द्यायचे, हा मार्ग बंद आहे. संस्थेची नोंदणी रद्द झाली तर अंशदानातून झालेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. या तरतुदी परदेशी हस्तक्षेप रोखण्यासाठी आवश्यक आहेत, असे सरकार म्हणते. त्यांनी प्रामाणिक सेवेचाही श्वास कोंडतो, असे अनेक स्वयंसेवी संस्था म्हणतात. त्या न्याय्य आहेत की नाहीत हा वाद चालू राहील, पण आज दान स्वीकारणाऱ्याला त्या पाळूनच निर्णय घ्यायचा आहे.

न सुटलेले

विमान नसेल तर काय, या प्रश्नाला भारतात एक उत्तर रुळांवरून मिळाले. 1991 मध्ये मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या साहाय्याने लाइफलाइन एक्स्प्रेस सुरू केली आणि रुग्णालयच गावाकडे नेले. तातडीच्या रुग्णाला मात्र आगगाडीची वाट पाहता येत नाही, आणि विमानसमर्थकांचा हा मुद्दा अजून खोडला गेलेला नाही. ड्रोनने औषधे आणि रक्त पोचवण्याचे प्रयोग वाढत आहेत. ते छोट्या विमानाचे एक काम काढून घेतील, पण माणूस नेण्याचे काम उरतेच. ऑस्ट्रेलियासारखी भाडेपद्धत कलबुर्गीत चालेल का, हाही प्रश्न खुला आहे. परदेशी दात्यांऐवजी हैदराबाद, पुणे, सोलापूरच्या रुग्णालयांनी मिळून वर्षाचे ठरावीक तास एखाद्या परवानाधारक हवाई रुग्णवाहिका कंपनीकडून घ्यावेत, ही वाट मला अधिक व्यवहार्य दिसते. मात्र त्यात गरिबाचे भाडे कोण भरणार आणि वेगवेगळ्या राज्यांच्या आरोग्ययोजना सीमेपलीकडच्या रुग्णाला मानणार का, हे आधी ठरावे लागेल. औरादमधला रुग्ण लातूरला गेला तरी त्याचे कार्ड कर्नाटकाचे असते. ही अडचण विमानाने सुटत नाही. किंग आणि हेमिंग्ज यांनी केली तशी गरजेची पाहणी इथे आधी झाली पाहिजे, आणि तिची सुरुवात कोणते रुग्ण कुठून कुठे हलवावे लागतात, किती उशिराने पोचतात आणि वाटेत कुठे अडतात, याच्या तालुकावार नोंदीपासून व्हायला हवी.